ओटा नसलेलं शहर

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि आधी कागदावर आखून मग वसवलेलं एक शहर मनात आणा. रस्ते पट्टीनं ओढल्यासारखे सरळ, झाडं प्रार्थनेच्या रांगेत उभी, कुत्र्यांनासुद्धा फिरायला वेगळी बाग. ताडकळस गावची दैवशाला आजीचं बोट धरून अशाच एका शहरात, नवी मुंबईत आली होती. तिचे बाबा तिथं एका सोसायटीच्या फाटकावर वॉचमन होते आणि वर्षभरात घरी आले नव्हते.

"आजी, लय भारी हाय गं! पर एकाबी घराला ओटा न्हाई. दमलेल्या माणसानं टेकायचं कुठं?"

"तुझ्या बाबालाच इचार की," कासाबाई गुडघा चोळत हसली आणि फाटकाजवळच्या पायरीवर बसली. फाटकावर उभा लेक रामकिशन दिसताच तिचा चेहरा उजळला. तोही पाण्याची बाटली घेऊन धावला.

तेवढ्यात मागून सोसायटीचे सेक्रेटरी आले. "वॉचमन, कोण आहेत हे? गाववाले इथं बसवले म्हणूनच तुझ्या आधीच्याला काढला, ठाऊक आहे ना?"

रामकिशन जागीच थबकला. बाटली पाठीमागं लपवून, खाली बघत तो आईला म्हणाला, "ओ मावशी, उठा. इथं बसायचं नाही."

 

दैवशालानं एकदा बाबांकडं पाहिलं, आजीला हात देऊन उठवलं आणि म्हणाली, "चल आजी, ह्या काकांना साहेब रागावतील."