गोधडीची टोकं

सत्तर साल असावं. दुसऱ्या दिवशी पुण्यात माझा बी.एस्सी.चा पेपर होता आणि वेल्ह्याहून एस.टी. तीनला सुटायची. तेवढ्यात आईने जुनी गोधडी उसवायला दिली. मी वैतागून एका कोपऱ्यातून एकेक टाका काढत होते आणि सकाळपासून अडलेला प्रश्न घोकत होते: अन्न पचवणारं एक एन्झाइम प्रथिनाची साखळी फक्त टोकाकडून, एकेक कडी करून तोडतं, मग अन्न इतक्या लवकर पचतं कसं?

"काय पुटपुटतीस गं हौसे?" आईने विचारलं.

"टोकाकडून एकेक कडी तोडणारं एन्झाइम. तुला काय कळणार त्यातलं!"

"न्हाई कळत. पर तुज्यावानीच दिसतंय. ह्या चालीनं यष्टी जाईल निगून."

तिने गोधडी ओढून घेतली आणि कात्रीने दोरा मधेमधे सात-आठ ठिकाणी कापला. "आता झाली न्हवं टोकं? वढ की कुठलंबी!"

पेपरात नेमका तोच प्रश्न आला. दुसरी एन्झाइम्स साखळी आधी मधेच कापतात, त्यामुळे टोकं वाढतात आणि काम भराभर होतं, असं मी लिहिलं.

कात्री कोणाची, ते लिहिलं नाही.