काठाची शिवण

शिंप्याच्या ओठांत टाचण्या होत्या, म्हणून लेक जे म्हणाली त्यावर त्याला लगेच बोलता आलं नाही.

"आजपासून मी चालायला जाणार नाही." दुकान आणि घर यांच्यामधल्या दारात ती शाळेचा निळा स्कर्ट घालून अनवाणी उभी होती. "आणि ते उकडलेलं गवतही नको मला."

"भाज्यांना गवत म्हणू नये," आतून आई म्हणाली. "मीही तेच खाते ना? तुझे बाबासुद्धा खातात, तोंड वाकडं करून का होईना. बूट घाल आधी."

"कशाला? काही होतच नाहीये!" लेकीने कमरेच्या पट्टीत बोट घालून बघितलं. "हे बघा. बोट जात नाही. होता तसाच घट्ट आहे."

आई हात पुसत बाहेर आली. "अगं, नेम मोडू नकोस. एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी पाय उचलत नाही. माझं मला माहीत आहे."

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या? वजनकाट्यावर सारखी उभी राहू नकोस, उगाच जीव खालीवर होतो. शाळेच्या स्कर्टवर लक्ष ठेव, तो सैल पडायला लागला की समज. कुठे पडतोय?" लेकीचा आवाज चिरकला. "तळ्याभोवती धापा टाकत फिरते. मागून पोरं तोंडाने धम् धम् करतात, तरी फिरते. आणि हा आहे तिथेच!"

फळीवर गिऱ्हाइकांसाठी बिस्किटांचा डबा असायचा. तिने तो खाली काढला आणि काखेत धरला.

शिंप्याने एकेक टाचणी उशीत खोचली. डॉक्टरांकडे मायलेकीच गेल्या होत्या. ही स्कर्टची गोष्ट तो आज पहिल्यांदाच ऐकत होता.

"चिमणे," तो म्हणाला. हे नाव घरात चालेल, रस्त्यात घ्यायचं नाही, असा तिचा दंडक होता. "तो स्कर्ट बदलून ये. मला दे."

"कशाला?"

"दे तर."

ती ट्रॅकपँट घालून परत आली. डबा काखेतच होता. त्याने स्कर्ट उलटा केला आणि मागची शिवण खिडकीच्या उजेडात धरली. कापडावर बारीक भोकांच्या रेघा होत्या, एकीशेजारी एक.

"हे काय आहे?" लेकीने विचारलं.

"रविवारी तुझे कपडे इस्त्री करतो ना," तो शिवणीकडे बघत म्हणाला, "तेव्हा घालून दाखव म्हणायचो. जरा झोळ दिसायचा मागे. तो घेत गेलो आत."

"काय घेत गेलात?" आईने विचारलं.

"शिवण. थोडी थोडी. झोळ दिसला की हात शिवशिवतो माझा. आणि ढगळ कपड्यात पोर गबाळी दिसते. शिंप्याची पोर ना ही?"

आईने कपाळावर हात मारून घेतला. "अहो, काय म्हणावं तुम्हाला! ती तिकडे घाम गाळतेय आणि तुम्ही इकडे तो शिवून टाकताय!"

लेक हसली नाही. शिवणीवर वाकून बघू लागली. ताज्या दोऱ्याची शिवण सगळ्यात आत होती. तिने तिच्यावरून बोट फिरवलं, मग शेजारच्या भोकांवरून.

"ही आत्ताची. मग ह्या बाकीच्या? ह्या तर बाहेर बाहेर गेल्यात."

शिंप्याने इस्त्रीची वायर सरळ करायला घेतली. ती सरळच होती.

"त्या आधीच्या."

"मी जाड होत होते तेव्हाच्या."

"वाढत होतीस," तो म्हणाला. "वाढतं वय. जरा उसवून दिलं की..."

शेवटची रेघ कापडाच्या अगदी काठावर होती. तिच्यापुढे सोडायला कापडच उरलं नव्हतं.

"म्हणून तेव्हा मला कधी काही घट्ट झालंच नाही," लेक हळू म्हणाली. "मला वाटायचं, सगळं ठीक चाललंय. वर्गातल्या मुलींनी सांगितलं तेव्हा कळलं, बाबा."

आतल्या पातेल्यावरचं झाकण वाफेने खडखडत होतं. आई गॅस बंद करायलाही गेली नाही.

लेकीने डबा फळीवर ठेवला आणि ब्लेड शिंप्यापुढे सरकवलं.

"उसवा."

"कितपत?"

"ह्या काठावरच्या रेघेपर्यंत."

त्याने उसवलं. मग मशीनवर बसून काठाच्या रेघेवर शिवण घातली. अंगाला बसू नये म्हणून कपडा शिवायची पाळी त्याच्यावर कधी आली नव्हती. एरवी सरळ धावणारी सुई दोनदा अडली.

लेकीने स्कर्ट ट्रॅकपँटवरूनच चढवला, हूक लावला आणि हात सोडले. स्कर्ट घसरून नितंबांवर टेकला. तिने तो वर ओढला आणि पट्टीत हात घातला. आख्खी मूठ गेली. ती मूठ तिने जरा वेळ तशीच आत ठेवली.

"पडेल गं तो," आई म्हणाली. "पिन तरी लाव."

आई बोलायच्या आत शिंप्याचा हात टाचणी घेऊन लेकीच्या कमरेपाशी पोचलाही होता.

"बाबा," ती म्हणाली, "हात लावायचा नाही."

तिने बाकाखालचे बूट ओढून पायात घातले आणि दुकानाच्या दाराने बाहेर पडली. सकाळचा रस्ता रिकामा होता. ट्रॅकपँटवर शाळेचा स्कर्ट, एका मुठीत कमरेचा जादा घेर, अशी ती तळ्याच्या बाजूला चालू लागली.

शिंपी दारापर्यंत आला. चिमटीतली टाचणी कुठे खोचावी हे त्याला सुचत नव्हतं.