ओली फरशी

फौजदार ढवळेबाई कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये शिरल्या तेव्हा फरशी ओली होती. भरदुपारी फिनेलचा वास, त्यावर उदबत्तीचा. पलंगाशी कॉलेजचा पोरगा पडला होता, ओठ निळे, श्वास तुटक. बाईंनी ओल्या फरशीवरच गुडघे टेकून त्याला कुशीवर वळवलं. अँब्युलन्स सिग्नलला अडकलेली, फोनवर डॉक्टर एकच विचारत होते, "घेतलंय काय त्यानं?" त्याचे दोन्ही रूममेट भिंतीला चिकटून उभे होते. "काही नाही मॅडम, अभ्यास करत होता." "अरे, बोला! तुम्हाला कोणी हात लावणार नाही." "खरंच मॅडम, अभ्यासच करत होता." मग श्वास थांबला. बाई छाती दाबत राहिल्या. अँब्युलन्सवाल्यांनी येऊन मान हलवली, तेव्हा दोघांतला एक रडत म्हणाला, "सोमवारी कॉलेजातल्या भाषणात तुम्हीच म्हणालात मॅडम, ज्या खोलीत ड्रग्ज सापडतील, तिथल्या प्रत्येकाला आत टाकीन. म्हणून आधी खोली धुतली. मग तुम्हाला फोन केला."