गाळाची हाक

"आजपासून हे काम बंद." देवदत्तने शेवटचं वाक्य लिहिलं आणि बोट बटणावर नेलं. तेवढ्यात मागच्या दारातून त्याची बायको गौरी ओरडली, "अरे, ऐकतोयस का? पंपाने पुन्हा गाळ ओढला! टाकीत नुसता चहा भरलाय!"

त्याने बोट मागे घेतलं.

अकरा वर्षांचं काम होतं ते. भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारा एक छोटासा प्रोग्राम. मुरुडच्या खाडीत ओहोटीला रुतून बसलेली एक होडी त्याने पाहिली होती, त्या दिवशी लिहायला घेतला आणि नेटवर मोकळा सोडला. कोणीही न्यावा, आपल्या ॲपमध्ये घालावा, दमडी देऊ नये. त्याने कधी न पाहिलेल्या कितीतरी बंदरांवर तो आता चालत होता. चूक सापडली की मेल यायचे, "अजून दुरुस्त का नाही?" लोकांच्या वेबसाइटी बांधून पोट भरायचं आणि उरल्या वेळात हे करायचं. आता वेळ उरतच नव्हता. पुण्याच्या एका कंपनीने नोकरी देऊ केली होती. अट एकच, बाहेरचं काम सोडायचं. संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं. शाळेची नोकरी आणि वाडी दोन्ही एकट्या गौरीच्या गळ्यात टाकून तो निघणार होता.

सहा वर्षांपूर्वी आयर्लंडच्या एका बंदरातून नोरा नावाच्या बाईने लिहिलं होतं, "तुमच्यामुळे आमच्या होड्या वेळेवर निघतात. काही पाठवू का?" त्याने ताठ मानेने कळवलं, "हे विकायला नाही." शब्द त्याचे नव्हते, वडिलांचे होते. ते वाडीतल्या विहिरीबद्दल म्हणायचे, पाणी विकायचं नसतं. त्यानंतर कोणी विचारलं नाही.

तो विहिरीवर गेला. सुपारीच्या सावल्या कठड्यावर आडव्या पडल्या होत्या. मे महिन्याचं पाणी तळाला गेलेलं, वर हिरवट साय. अठरा घरं या विहिरीचं पाणी नेत. वडील होते तोवर दर वर्षी अक्षय्य तृतीयेनंतर सगळी जमून विहीर उपसत. वडील दिवाळीत गेले. यंदा कोणी फिरकलं नाही. बापाबरोबर बापाची माणसंही गेली, असं त्याने मनाशी धरून टाकलं होतं.

मनुबाई आली. कोळीवाड्यातली, सत्तरीची, डोक्यावर हंडा आणि काखेत रिकामं घमेलं. गेले तीन आठवडे ती ते घमेलं घेऊनच यायची आणि तसंच रिकामं परत न्यायची. देवदत्तला वाटे, परतताना वाटेत शेण गोळा करत असेल.

"काय रं बाला, पाणी लईच गढूळलं."

"गढूळणारच, मावशी. प्यायला अठरा घरं, उपसायला मी एकटा."

मनुबाईने हंडा खाली ठेवला.

"तू हाक कुठं मारलीस?"

"हाक कसली? सगळ्यांना दिसत नाही का गाळ?"

"दिसतो की. रोज दिसतो. पण बिनहाकेचा गाळ बेवारशी हिरीतून काढतात, बाला. तू जित्ता असताना आमी कसं उतरायचं? वाडीवाला मेला, असं सांगायचं गावाला?" तिने काखेतलं घमेलं काढून कठड्यावर आपटलं. "तुजा बाप पाणी विकायचा न्हाय. पण गाळाला हाक मारायला कदी लाजला न्हाय."

वडील या कठड्यावर उभे राहून तांब्याच्या घागरीवर पळी वाजवत, ते देवदत्तला आठवलं. लहानपणी त्या आवाजाची त्याला लाज वाटायची. शहरातले पाहुणे आले असले तर तो घरात लपायचा.

घागर माळ्यावर होती. ती त्याने काढली. कठड्यावर चढून तिच्यावर पळी वाजवली.

"पाणी नेणाऱ्यांनो, या रे! गाळ काढायला या!"

आवाज मध्येच फाटला. कावळे उडाले. बाकी सामसूम. त्याने पुन्हा हाक मारली, आणि शेजारच्या केसरच्या कुंपणाचं दार करकरलं. मग पलीकडचं. मग माडांवर चढणारा सदू खांद्यावर दोराचं वेटोळं टाकून आला.

"आली व्हय आठवण! तीन आठवडे दोर दाराशी टांगलाय. बायको म्हनं, हाक येईस्तोवर कपडं तरी वाळत घालते."

हसू फुटलं. घमेली हातोहात फिरू लागली. कोणी वडिलांची आठवण काढली, कोणी पंपाला शिव्या दिल्या. गौरीने चहाचं आधण ठेवलं. देवदत्त गुडघाभर गाळात उतरला. तळाच्या झऱ्याचा गारवा बोटांना लागला तेव्हा तो तिथेच थोडा वेळ वाकून राहिला. वरून कोणी घाई केली नाही.

दुपार कलली तेव्हा तो वर येऊन खोलीत गेला. स्क्रीनवर वाक्य तसंच होतं. आजपासून हे काम बंद. पुण्याहून दोनदा फोन येऊन गेला होता. अंग ठणकत होतं. घरात कोणी उरलं नाही अशी पाटी आपण आपल्याच हाताने दाराला लावत होतो, असं त्याला वाटलं. त्याने एकेक अक्षर खोडलं.

मग सहा वर्षं मागे जाऊन त्याने नोराचा मेल शोधून काढला. खाली त्याचंच उत्तर होतं, हे विकायला नाही. त्याने ते दोनदा वाचलं. बोटांचा गाळ अजून सुकला नव्हता, अक्षरांच्या बटणांवर उमटत होता. त्या उत्तराच्या खाली त्याने लिहिलं,

"विकायला नाहीच. पण मी अजून आहे, आणि दमलोय. हाक मारायची राहिली होती, ती मारतोय."