या आठवड्यात काय पाहिलंस?

सुदानहून फार्मसी शिकायला नाशिकला आलेल्या अमलला तिची आई दर रविवारी फोनवर एकच विचारायची, "या आठवड्यात काय पाहिलंस?" आईला सांगायला काहीतरी हवं, म्हणून अमल कॉलेज, प्रॅक्टिकल आणि सबमिशनमधून वेळ काढून फिरायची. तिनं रामकुंड पाहिलं, गंगापूर धरण पाहिलं, तोंड पोळेपर्यंत मिसळही खाल्ली. मग तिकडे युद्ध पेटलं आणि गावातले फोन बंद पडले. सात महिने झाले, तरी अमलनं रविवारचं फिरणं सोडलं नव्हतं. आज ती रूममेट निकिताबरोबर पांडवलेणी चढली. दोघी वर जाऊन टेकतात तोच इजिप्तहून अमलच्या मामाचा फोन आला. फोन ठेवून अमल म्हणाली, "आई गेली. युद्ध सुरू झालं त्याच आठवड्यात. मामाला आज कळलं." निकितानं तिचा हात धरला. "तुला जायचंय का तिकडे?" "मामा म्हणतो, येऊ नकोस. घरच राहिलं नाही." दोघी उठून पायऱ्या उतरू लागल्या. अर्ध्या वाटेत सहलीला आलेलं एक कुटुंब समोर आलं. "मॅडम, तुमच्यासोबत एक फोटो काढू?" निकिता नको म्हणणार, तेवढ्यात त्यांच्यातल्या वयस्क बाईनं हसत अमलला जवळ ओढलं आणि तिच्या खांद्यावर हात टाकला. फोटो झाला. बाईनं हात काढून घेतला, कुटुंब वर निघून गेलं. अमल मात्र तिथंच, तो हात अजून खांद्यावर असल्यासारखी उभी राहिली.