मानेवरचा वारा

सर्बियातल्या आमच्या चाचाक गावातल्या बस कंपनीचे सगळे फोन रोज दुपारी एकदम गप्प व्हायचे. माझी आई टेलिफोन एक्स्चेंज दुरुस्त करते. ती रोज संध्याकाळी जायची, तेव्हा सगळं ठणठणीत असायचं. तिने पॉवर सप्लाय बदलला, कार्डं बदलली, तरी दुखणं तेच. शेवटी मालक ल्युबोमिरकाकांनी बजावलं, "आज जमलं नाही तर उद्यापासून दुसरा माणूस बघतो."

म्हणून त्या दिवशी आई भर दुपारीच गेली आणि शाळा सुटल्याबरोबर मीही तिच्या मागे. एक्स्चेंजची पेटी तव्यासारखी तापून बंद पडली होती, कारण तिच्या पंख्याच्या तोंडात लोकरीचा एक जाडजूड मोजा कोंबलेला होता.

"माझाच आहे," शेजारच्या खुर्चीतून तिकिटं देणाऱ्या देसांकामावशी शांतपणे म्हणाल्या. "सकाळी कोंबते, जाताना घरी नेते. तो वारा थेट मानेवर येतो बाई. मान धरली तर हा ल्युबोमिर येणार आहे का माझी भांडी घासायला?"

मी हसू दाबायला खिडकीबाहेर बघत राहिले. दारात उभे असलेले ल्युबोमिरकाका मात्र खो खो हसले. "एवढ्याशा वाऱ्याने कुठे मान धरते, मावशी? उद्या या खुर्चीत मी बसून दाखवतो."

मोजा निघाला, पंखा फिरला, फोन खणखणायला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुन्हा गप्प झाले आणि आम्ही धावत गेलो.

या वेळी पंख्याच्या तोंडात ल्युबोमिरकाकांचा मफलर होता.