खंडेनवमीची दुनळी

रंजिताच्या हट्टापायी सासऱ्यांनी दुनळी बंदूक विकायला काढली, तरी जुन्या बंदुकांचा पारखी त्यांच्या सारसोळे गावातल्या घरी येऊन बसल्यावर तिनं लेकाला कडेवरून उतरवलं नाही. “घाबरते कशाला गो? रिकामी हाय. आमचे बाबानं मिटली ती मिटली, त्यांचे मागं कोनी उघडली नाय,” सासरे म्हणाले. खंडेनवमीला बंदुकीला नुसतं हळदकुंकू लागायचं. पारख्यानं नक्षी न्याहाळली, नळीचा नंबर दस्त्याशी जुळवला. “अस्सल आहे. किंमत चांगली येईल.” मग त्यानं खटका सरकवून नळ्या वाकवल्या आणि आतलं काडतूस जपून टेबलावर ठेवलं. “भरलेली होती.” रंजिताची नजर भिंतीवर गेली. गेल्या खंडेनवमीच्या फोटोत लेक बंदुकीमागे बसला होता, बोट चापाशी, नळी समोर. फोटो तिनंच काढला होता, “आईला ठो कर” म्हणून त्याला हसवत. कडेवरच्या लेकानं टेबलाकडे पाहिलं आणि तिच्यावर बोट रोखलं. “ठो.”